टेकडीवरच्या चर्चची वाकडी भिंत

मी एका चर्चचा नकाशा काढला, हे मी वडिलांना कधीच कळवलं नाही. कुवेतची बाकी सगळी हकिकत पत्रांतून जात असे. पाणी टँकरने येतं, धूळ दाताखाली करकरते, फहाहीलच्या बाजारात सुरमई मिळते पण आमसुलं मिळत नाहीत. चर्चचा मात्र एका ओळीनेही उल्लेख नाही.

वडील चिपळूणच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. छापताना जी पत्रकं बिघडत ती घरी येत. त्यांच्यावर आम्ही जेवलो, त्यांच्यावर झोपलो, त्यांच्याच पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले. पाढे संपले की कागद उलटायचा आणि वाचायचं. खोत, सावकार, पुजारी, मौलवी, पाद्री, प्रत्येकाच्या वाट्याला टीकेचं एकेक पत्रक आलेलं होतं. माझं जगाचं ज्ञान असं जाड टाइपात आणि उद्गारचिन्हांसकट झालं. सोळाव्या वर्षी मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. गावात देवळाचा सभामंडप वाढवायचा घाट होता आणि शाळेचं छप्पर गळत होतं. त्यात एक वाक्य होतं, ‘देवळाचा प्रत्येक दगड कुणाच्या तरी पाठीवरून गेलेला असतो.’ ते मला इतकं आवडलं होतं की कुवेतला येतानाही मी ते डोक्यात घेऊन आलो.

आलो तो ट्रेसर म्हणून. अहमदीला, वाळवंटातल्या उंचवट्यावर वसवलेल्या तेल कंपनीच्या वसाहतीत, आमचं ड्रॉइंग ऑफिस होतं. शुऐबाच्या नव्या बंदराकडे जाणाऱ्या नळांचे नकाशे आम्ही पेन्सिलवरून शाईत उतरवायचो. ट्रेसिंगचं कापड मेणचट, निळसर असे. त्यावर घामाचा थेंब पडला की खळ विरघळून पांढरा डाग पडायचा आणि चार दिवसांचं काम मातीत जायचं. म्हणून मनगटाखाली रुमाल, कापडावर खडूची भुकटी आणि शाई चुकली तर खरवडायला दाढीचं पातं. चुका खरवडायचा माझा हात चांगला होता. त्या काळी मला त्याचा अभिमानही होता.

नकाशे तपासणाऱ्या विभागाचे प्रमुख एक इटालियन गृहस्थ होते. चहावाल्यापासून मोठ्या साहेबापर्यंत सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांची नजर जात चालली होती. दोन्ही डोळ्यांत मधोमध काळा डाग आला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. त्यामुळे ते माणसाकडे बघायचे ते त्याच्या कानाकडे बघितल्यासारखे. जूनमध्ये ते कायमचे मायदेशी जाणार होते.

त्यांनी एकदा मला ऑफिस सुटल्यावर थांबवून घेतलं. मी जेवणाच्या सुट्टीत मजुरांच्या पाण्यावरून भाषण ठोकलं होतं, तेव्हापासून ते मला कॉम्रेड म्हणत.

“कॉम्रेड, तुझी रेघ स्वच्छ आहे. एक चर्च काढशील?”

“कशासाठी?”

“पाडू नयेत म्हणून.”

“पाडू देत की,” मी म्हणालो. “एक कमी होईल.”

ते हसले. त्यांनी टेबलावर तीन वह्या ठेवल्या. कडा झिजलेल्या, दोऱ्याने बांधलेल्या. “काय पाडायचं ते तरी आधी बघ. न बघता पाडणं चांगलं नाही, तुझ्यासारख्या माणसाला तर मुळीच नाही.”

मी वह्या घेतल्या त्या वाद घालण्यासाठी. परत द्यायला गेलो तेव्हा माझ्याकडे वीसेक प्रश्न होते.

ते चर्च त्यांच्या गावावरच्या टेकडीच्या माथ्यावर होतं. आठशे वर्षांपूर्वीचं. आत एका संताची हाडं पुरलेली, आणि ती बघायला लोक दुरून चालत यायचे, नदीपासून वर तीन तास चढून. मधला सभागृहासारखा लांब भाग, दोन्ही बाजूंना गोल कमानींच्या ओळी, कमानींपलीकडे दोन अरुंद ओसऱ्या. छप्पर दगडी, आतून पालथ्या पन्हळीसारखं. ते आपल्या वजनाने भिंतींना बाहेर ढकलतं, म्हणून भिंती इतक्या जाड की खिडकीत माणूस आडवा झोपावा, आणि खिडक्या इतक्या लहान की उन्हाचा एकच पट्टा आत यावा. पूर्वेच्या टोकाला वेदी, आणि वेदीच्या खाली तळघर. तिथे हाडं. तळघराला दोन जिने, एक उतरायचा, एक चढायचा.

“दोन का?” मी विचारलं.

“गर्दी. एकाने उतरायचं, दुसऱ्याने वर यायचं. कुणी कुणाला धडकायचं नाही.”

आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी दर्शनबारीचा विचार करून जिने बांधले होते, हे मला कुठल्याही पत्रकाने सांगितलं नव्हतं. मी विचारत सुटलो. माथ्यावर पाणी कुठलं? छपराचं पाणी अंगणाखालच्या टाक्यात जातं. दगड वर कसे नेले? मोठे बैलांनी, लहान यात्रेकरूंनी. नदीतून येताना प्रत्येकाने एक दगड उचलायचा आणि वर टाकायचा, अशी रीत होती.

“म्हणजे वेठबिगार!” मी जवळजवळ ओरडलो. माझं लाडकं वाक्य सिद्ध झालं होतं.

“असेल,” उस्ताद शांतपणे म्हणाले. “माझी बहीण अजून नेते. तिला विचारायला हवं कोण वेठीला धरतं ते.”

ही बहीण त्यांच्याहून मोठी, अविवाहित, गावातच राहणारी. उन्हाळी सुट्टीत उस्ताद गावी जात तेव्हा मोजायच्या टेपचं दुसरं टोक ती धरायची. तीन उन्हाळे. वह्यांत कुठलं टोक कुणी धरलं तेही लिहिलेलं होतं. तिची मापं निळ्या पेन्सिलीत होती.

चौथ्या पानावर मला बाण, मासा, अर्धा चंद्र अशी चिन्हं दिसली. घडलेल्या दगडांवरच्या खुणा. प्रत्येक पाथरवटाची वेगळी, दगड कुणी घडवला ते कळावं म्हणून. पत्रकाच्या तळाशी छापखान्याचं नाव असतं, तशी. राजा नाही, धर्मगुरू नाही, कामगाराची सही! त्या दिवशी ते चर्च माझं झालं.

आता पाडायचं काय ते सांगतो. गावच्या पंचायतीला यात्रेकरूंची बस थेट माथ्यापर्यंत न्यायची होती. बस वळवायला जागा हवी होती, आणि ती पूर्वेच्या बाजूलाच होती. त्यांच्या इंजिनियरने लिहून दिलं की वेदीकडचा भाग वाकडा आहे, नंतर कुणी अडाणी गवंड्यांनी कसाबसा जोडलेला आहे, तो पाडला तर काही बिघडत नाही. उस्तादांचं म्हणणं वेगळं होतं. त्या भागातही तोच दगड होता, त्याच पाथरवटांच्या खुणा होत्या. तो पहिल्यापासूनचाच असणार. जुन्या इमारतींच्या सरकारी खात्याचा माणूस जुलैत येणार होता. त्याच्यापुढे नीट नकाशा ठेवायचा होता. खुणांच्या जागा दाखवणारा, मापांसकट. हे सगळं मोजणारा माणूस आता स्वतः रेघ मारू शकत नव्हता.

‘अडाणी गवंडी’ हे शब्द वाचून माझं डोकं तापलं. आठशे वर्षांनीसुद्धा इंजिनियर गवंड्याला अडाणी म्हणतोच आहे!

मी कामाला लागलो. ऑफिस सुटल्यावर रोज दोन तास. पश्चिमेकडचा भाग सुरेख जुळला. चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे आले तर तो काटकोनात आहे, ही आमच्या धंद्यातली पहिली परीक्षा. तिथे दोन कर्णांत बोटभराचाही फरक नव्हता. मग वेदीकडचा भाग घेतला. तिथे कर्ण जुळेनात. फरक थोडाथोडका नव्हता, साठ सेंटिमीटर होता. सगळी जागाच उत्तरेकडे मान वळवून बसल्यासारखी येत होती.

नळांच्या कामात मापं अशी अडली की आम्ही काय करतो ते मला माहीत होतं. चूक शोधायची, चुकलेलं माप टाकायचं, उरलेली मापं सांभाळून घ्यायची. दोन्ही कर्णांना टोक धरायला बहीण होती. म्हातारी, देवभोळी बाई, एका हातात जपमाळ असणार. टेप सैल सोडला असेल. मी माझ्या कच्च्या कागदावर तिच्या निळ्या आकड्यांवर रेघ मारली आणि भिंती सरळ केल्या. सरळ झाल्यावर चर्च इतकं देखणं दिसायला लागलं! इंजिनियर म्हणतो वाकडं? हे घ्या. मला वाटलं, आपण त्या गवंड्यांची अब्रू राखली.

गुरुवारी ट्रेसिंग पूर्ण झालं. उस्तादांनी ते खिडकीशी नेऊन मान तिरकी करून कडेच्या नजरेने पाहिलं, कापडावरून पालथा हात फिरवला आणि पत्र्याच्या नळकांड्यात घातलं. रविवारी सकाळी त्यांचं विमान होतं.

शुक्रवारी सुट्टी. फहाहीलला माझ्या शेजारच्या खोलीत रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे एक गवंडीचाचा राहायचे. अख्खी हयात भिंती बांधण्यात गेलेली, बोटं चुन्याने तडकलेली. जुम्म्याची नमाज आटोपून ते आले तेव्हा मी माझा पेन्सिलचा कच्चा कागद चटईवर पसरून कौतुकाने बघत बसलो होतो.

“काय पुढारी, आज कुणाचं तख्त पालथं घालतंस?”

“चर्च आहे, चाचा.”

“आँ? तू नि चर्च? बापूस पाय ठेवू देल काय तुला घरात?”

त्यांनी चपला काढल्या आणि उकिडवे बसले. चाचा नकाशा बघत नसत, त्यात शिरत. पश्चिमेच्या दारावर बोट ठेवून ते आत गेले, कमानींमधून चालले, दोन जिन्यांपाशी थांबून “वा!” म्हणाले, आणि वेदीपाशी येऊन अडले. बोट माझ्या खोडलेल्या आकड्यांवर होतं.

“ह्या कोणी खोडलंन?”

“मी. टेप धरायला म्हातारी बाई होती. सैल धरला असणार.”

“दाराकडल्या अंगाला पण तिनंच धरलंन?”

“हो.”

“थंय सैल नाय?”

“तिथे बरोबर आहे.”

“म्हंजे बाय फकस्त ह्याच कोपऱ्यात म्हातारी झाली?” चाचा माझ्याकडे बघून दात काढून हसले.

मग त्यांनी विचारलं, “बांधकाम चाललं तवा लोकांचं येणं बंद ठेवलंन काय?”

मी म्हणालो, नाही. यात्रा एक वर्षही चुकली नाही, असं उस्ताद सांगतात.

“मंग आधीचं देवाचं घर हुतं ना थंय? ते पाडून लोकांना उन्हात उभं केलंन?”

चाचा मांडी घालून बसले आणि त्यांनी त्यांच्या गावच्या मशिदीची गोष्ट सांगितली. जुनी मशीद लहान होती, मोठी बांधायची ठरली. पण नमाज एक वक्तही थांबवायची नव्हती. म्हणून जुनी आत तशीच उभी ठेवली आणि तिच्या भोवतीने चिऱ्यांच्या नव्या भिंती उचलल्या. आत पाच वेळा नमाज चालू, बाहेर थापी चालू. भिंती छपराला लागल्या तेव्हा जुनी मशीद मोडून दारातून बाहेर काढली.

“आन् मंग बघतो तर काय, नवी मशीद हातभर तिरकी! कर्णाची दोरी ताणायची तर ती आरपार जायला हवी. मधी जुनी मशीद उभी. दोरी काय भिंतीतून नेणार? आमी बाहेरच्या बाहेर काटकोनी गुण्या लावून अदमासान केलं. किब्ला, नमाजाची दिशा, ती तर हलत नाय, भिंत तिरकी. आजपण थंय चटया भिंतीला तिरक्या हातरतात. नवा मानूस विचारतो, आमी सांगतो, बाबा, एक पण नमाज चुकवली नाय, त्याची ही खूण.”

ते उठले, गुडघे झटकले. “तुझी ती भिंत वाकडी नाय रे. तिच्या पोटात जुनं घर हुतं.”

मी गवंड्यांची अब्रू राखली नव्हती, त्यांची साक्ष पुसली होती. शिवाय जुलैत खात्याचा माणूस माथ्यावर येणार, टेप लावणार, आणि पहिल्याच मापात नकाशा खोटा ठरणार. एक रेघ खोटी निघाली की मासा, बाण, चंद्र, सगळंच खोटं. इंजिनियर जिंकणार आणि पूर्वेचा भाग बसखाली जाणार. तेही उस्तादांच्या हातून, ज्यांना माझी लबाडी दिसू शकत नव्हती.

लबाडी हा शब्द मी तेव्हा मुद्दाम वापरला. दुसऱ्याने केली असती तर मी तिच्यावर पत्रक काढलं असतं.

दुपारच्या उन्हात अहमदीकडे जाणाऱ्या टॅक्सीत चार जणांबरोबर कोंबून बसलो. उस्तादांच्या घरात खोकी बांधून ठेवली होती, भिंतीवर तसबिरींचे चौकोन उरले होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. चाचांची मशीदही सांगितली. त्यांनी नजर माझ्या कानाकडे वळवली.

“माझ्या बहिणीचा आकडा तू खोडलास?”

“हो.”

“ती त्या फरशीवर गुडघ्यांवर बसून टेप धरायची. मी म्हणायचो, सोड आता. ती म्हणायची, पुन्हा मोज.” त्यांचा आवाज चढला. “आणि तू तिची जपमाळ बघून आकडा खोडलास? तुझ्या पत्रकांत हेच शिकवतात?”

“नाही,” मी म्हणालो. “हे माझं मी केलं.”

मग त्यांनी नळकांड्यातून ट्रेसिंग काढून माझ्या हातात दिलं. मी सवयीने खिशातल्या पात्याकडे हात नेला. “खरवडायचं नाही,” ते म्हणाले. “नवं कापड घे.”

शनिवारची मी रजा टाकली. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फळी मांडली. ते भिंग आणि मान तिरकी धरून वहीतले आकडे मोठ्याने वाचत, मी लांब कंपासने कमानी, म्हणजे कंस, मारत होतो. दोन ठिकाणांहून दोन मापं, दोन कमानी जिथे छेदतात तिथे कोपरा. ईशान्येचा कोपरा आला तो मी खोडलेल्या जागीच, उत्तरेकडे सरकलेला.

“तिसरं माप आहे,” उस्ताद म्हणाले. “खांबापासून. तिनेच हट्टाने घेतलं होतं.”

मी कंपास उघडला, टोक खांबावर रोवलं आणि तिसरी कमान मारली. ती त्याच टिंबातून गेली. असंच आग्नेयेला झालं. माझ्या हाताखाली ते चर्च हळूहळू मान वळवत होतं, आणि आधी वाकडं वाटलेलं आज मला बुजुर्ग, समंजस दिसत होतं.

भांडण झालं ते दुपारी चार वाजता. उस्ताद आता पेटले होते. “आत जुनं देऊळ होतं ना? मग तुटक रेघांनी ते दाखव. हे इथे, भिंतींना समांतर.”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“तुम्ही ते मोजलेलं नाही. मोजलं नाही ते मी काढणार नाही.”

“परवापर्यंत तू मोजलेलंही काढत नव्हतास!” टोला बसला. पण मी हटलो नाही. घाम पुसला, रुमाल मनगटाखाली सरकवला. शेवटी ते म्हणाले, “बरं. फक्त दोन्ही कर्णांचे आकडे ठळक लिही. कुणाला तरी प्रश्न पडला पाहिजे.” मी ते जाड निबने लिहिले. वेदीपुढची फरशी कोरी राहिली.

रविवारी ते गेले. मी नळांकडे परतलो. चाचा येता-जाता विचारत, “काय, तिरकी मशीद जगली का?”

पत्र आलं ते हिवाळ्यात, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलेलं. खात्याच्या माणसाने पहिल्याच दिवशी दोन्ही कर्ण मोजले आणि ते नकाशाशी जुळले. मग त्याने विचारलं, पाथरवट तेच, दगड तोच, तर एवढे चांगले गवंडी इथेच का चुकले? उस्तादांनी त्याला रत्नागिरीच्या एका मशिदीची गोष्ट सांगितली. त्याने फरशीचे दोन दगड उचलून खाली खणायला लावलं. हातभर खाली एक भिंत लागली, लहानशा देवळाची. उस्ताद तुटक रेघ मारायला सांगत होते त्या जागी ती नव्हती, वेगळ्याच दिशेला तोंड करून होती. पूर्वेचा भाग आता पाडता येणार नाही. यात्रेकरूंच्या चढणीच्या जुन्या पायऱ्या मात्र गेल्या. बस आता तिथून वर येते, आणि वळायला जागा नाही म्हणून उलटी खाली जाते.

मी ते चाचांना वाचून दाखवलं. बस उलटी जाते यावर ते खूप हसले. मग म्हणाले, “आन् बाय? बाय काय बोलली?”

बहिणीने पत्राच्या तळाशी निळ्या पेन्सिलीत एक ओळ लिहिली होती. इटालियनमध्ये, म्हणून मला ती ऑफिसातल्या एकाकडून वाचून घ्यावी लागली होती. आशीर्वाद नव्हता, आभार नव्हते.

“लिहिलंय, टेप मी ताणूनच धरला होता.”

चाचांनी मान डोलावली. “बरोबर हाय,” ते म्हणाले. “आता तिला लिव, चुकलो म्हणून. आन् सरळ रेघेत लिव.”

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं लिखाण, ज्यात एकही उद्गारचिन्ह नव्हतं.